'वाचक' पिशवीत कशाला शिरला?

अर्धविराम
मंडळी, अडले आहे. पत्रकारितेच्या पदवीच्या मुलांसाठी दृश्यमाध्यमांवरचं एक प्रकरण मराठीत आणतेय. त्यात फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने १९६४ साली केलेली जाहिरातीची चिरफाड आहे. पान्झानी नावाच्या पास्तावाल्यांची फ्रेंच जाहिरात. लाल पार्श्वभूमी, जाळीची अर्धवट उघडी पिशवी, तिच्यातून बाहेर आलेली पास्त्याची पाकिटं, डबा, टोमॅटो, कांदे, ढोबळी मिरची आणि एक अळंबी. बार्थचं म्हणणं असं की ती उघडी पिशवी 'आत्ताच बाजारातून आलोय, सगळं ताजं आहे' असं सांगते. आणि टोमॅटोचा लाल, मिरचीचा हिरवा, पाकिटांचा पिवळट रंग मिळून 'इटली' सांगतात. तेही फ्रेंच माणसाला. खुद्द इटालियन माणसाला त्यात इटली दिसणारच नाही, जसं आपल्याला फोडणीत 'भारत' दिसत नाही.

इथपर्यंत ठीक. सिग्निफायर (अर्थ सांगणारी गोष्ट) आणि सिग्निफाइड (तिने सांगितलेला अर्थ) यांना मी 'वाचक' आणि 'वाच्य' घातलं. संस्कृतातली जुनी जोडी, शोधत बसायला नको. वाक्य लिहिलं, "येथे अर्धवट उघडी पिशवी हा वाचक असून ताजेपणा हे वाच्य आहे." तपासणाऱ्या बाईंनी समासात लाल शाईने लिहून पाठवलं: "वाचक म्हणजे पिशवी? हा वाचकांचा अपमान आहे." खाली पुन्हा, "वाचक पिशवीत कशाला शिरला?"

हसू आलं आणि रागही. तुम्ही काय वापरता?

सति सप्तमी
ताई, तुमचंच बरोबर आहे. भाववाचक नाम, संख्यावाचक विशेषण हे शाळेत घोकलेलं असतं ना? भाववाचक नाम म्हणजे भाव वाचत बसलेलं नाम नव्हे. तपासणाऱ्या बाईंना शाळेचं व्याकरण पाठवून द्या.

शिवाय ज्याच्यापासून ही सिग्निफायर-सिग्निफाइडची जोडी आली तो भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर आपल्याच गल्लीतला. त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध (लाइपझिग, १८८०) संस्कृतातल्या सत् षष्ठीवर, म्हणजे षष्ठी विभक्तीच्या एका खास रचनेवर आहे. जिनिव्हात तो वर्षानुवर्षं संस्कृत शिकवत होता. ज्या पुस्तकामुळे तो जगाला माहीत झाला ते त्याने लिहिलंच नाही. तो १९१३ साली गेला आणि १९१६ साली सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून ते उभं केलं. अशा माणसाला मराठीत आणताना नवीन टांकसाळ कशाला?

कोरा कागद
काका, मी हा विषय शिकवतो म्हणून बोलतो. भाववाचक मधला '-वाचक' शेपटासारखा चिकटलेला असतो, तेव्हा कळतो. एकटा उभा राहिला की तो पेपर वाचणारा माणूस होतो. त्यातून माध्यमांच्या प्रकरणात खराखुरा वाचकही दर पानावर असतो. "वाचक वाचकाचा अर्थ लावतो" असं वाक्य लिहाल काय?

चिन्हांच्या या अभ्यासाला चिन्हमीमांसा हे नाव आता रूढ झालंय, समीक्षेच्या पुस्तकांत या जोडीला चिन्हक-चिन्हित सापडतं. तेच घ्या. त्यातही खोट आहे, ती सांगतो. 'चिन्हित' म्हटलं की माझ्या वर्गातल्या मुलांना फुली मारलेली जागा आठवते. एकाने उत्तरपत्रिकेत 'चिन्हांकित' लिहिलं होतं. मी अर्धा गुण दिला, झोप लागली नाही.

गावठी गणपत
तुम्ही लोक सरळ 'खूण' का म्हणत नाही? हातखूण, पाऊलखूण, जन्मखूण, खाणाखुणा, खूणगाठ, खूण पटणे, खुणावणे. एवढा मोठा खानदानी शब्द दारात उभा असताना 'चिन्हक'? हे औषधाचं नाव वाटतं. चिन्हक दोन गोळ्या, जेवणानंतर.

सोलापूरकडे आमची आजी बाजारच्या पिशवीला लाल दोरा बांधायची. 'खुणेला असू दे.' तुमच्या बार्थला एवढंच सांगायचं होतं ना?

अर्धविराम
@गणपत, नाही हो. लाल दोरा म्हणजे 'ही पिशवी आमची', हे आजीने ठरवलं. बार्थची पिशवी 'ताजेपणा' सांगते हे कुणी ठरवलं तेच तर प्रकरण आहे. पण दोरा वापरते उदाहरणाला, चालेल ना? आणि खूण घेतली तर दुसऱ्याला काय म्हणू? खुणावलेला?

मधल्या आळीची
खूण म्हणणाऱ्यांनी माझं ऐका. मी फ्रँकफर्टजवळ राहते, रविवारी इथल्या मराठी मुलांना शिकवते. आठ वर्षांची मुलगी वर्गात उभी राहून म्हणाली, "मावशी, ह्याने मला खून केली." मी म्हटलं, कशी केली? तर तिने डोळा मारून दाखवला.

या मुलांना ण ऐकूच येत नाही. म्हणता येत नाही हे पुढचं, आधी ऐकू येत नाही. जर्मनमध्ये तो वेगळा नाही, त्यामुळे कान दोन्ही एकाच डब्यात टाकतो. मी फळ्यावर जोड्या लिहिल्या. खूण-खून, पाणी-पानी, मन-मण. वाचताना फरक दिसतो, ऐकताना शून्य. मग एक युक्ती सापडली. ण कानाला सापडत नसेल तर लिंगाने पकडा. ती खूण, तो खून. खूण केली, खून केला. त्या मुलीला आता 'केली' ऐकू आलं की ती सुटते, ण गेला खड्ड्यात.

कोरा कागद
वा मावशी! हा तर सोस्यूर. शब्दाला किंमत येते ती शेजारच्या शब्दापेक्षा तो वेगळा आहे म्हणून. ज्या कानाला तो वेगळेपणा नाही, त्याच्यासाठी तिथे दोन शब्दच नाहीत. परवाच्या तासाला तुमची खून केलेली मुलगी नेतो.

उंबराचं फूल
मला नेहमी वाटतं की खूण आणि खून मुळात एकच असावेत. रक्ताचा डाग म्हणजे खूण. शिकारीत जनावराचा माग काढताना

सति सप्तमी
वाटू नये. खून फारसी आहे. मग न चा ण कुणी केला, आणि तो खून बाटून ती खूण कशी झाली? अभंगांतून येणाऱ्या 'अंतरीच्या खुणे'त तुम्हाला रक्त दिसतं का?

उंबराचं फूल
विचार मांडायचीही चोरी.

दस्तुरखुद्द
उशिरा आलो. चाळीस वर्षं दिवाणी कोर्टात कारकुनी केली, म्हणून तिसरा शब्द पटलावर ठेवतो: निशाणी. आमच्याकडे दाव्यात दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक पडतो. दावा निशाणी १ ला. तात्पुरत्या मनाईचा अर्ज निशाणी ५ ला. हा '५' इतका पक्का की वकील अर्जाचं नावच घेत नाहीत, "साहेब, निशाणी पाचवर ऐकून घ्या" म्हणतात. पक्षकार बिचारा बाहेर विचारतो, "ती पाच नंबरची निशाणी म्हणजे माझा बांध ना?" बरोबर, त्याचा बांधच. सांगणारा एक आकडा, सांगितलेली सहा इंच जमीन. तुमचं हे सिग्निफायर यापेक्षा निराळं असतं का?

आणि दुसरी निशाणी अंगठ्याची. जुन्या खरेदीखताच्या शेवटी जांभळ्या शाईचा ठसा, एका कडेला ओघळलेला, आणि बाजूला लेखनिकाच्या अक्षरात 'नि. डा. अं.' म्हणजे निशाणी डावा अंगठा. ज्याला लिहिता येत होतं त्याच्या सहीशेजारी 'दस्तुरखुद्द'. माझं नाव तिथूनच घेतलंय. एकदा एका म्हातारीने अंगठा देताना विचारलं, "डावाच का? भाकरी तर मी उजव्याने थापते." मला अजून उत्तर माहीत नाही.

कोरा कागद
दस्तुरखुद्द साहेब, कान पकडले. अमेरिकेतला तत्त्वज्ञ पर्स (पीअर्स नव्हे, पैशाच्या पर्ससारखाच उच्चार) चिन्हांचे तीन प्रकार करतो: सारखेपणावर चालणारं, प्रत्यक्ष संबंधावर चालणारं, आणि नुसत्या ठरावावर चालणारं. धूर आणि आग हा दुसरा प्रकार, चित्रातला आंबा पहिला, 'आंबा' हा शब्द तिसरा. तुमचा ठसा दुसऱ्यात बसतो, कारण तो अंगठा तिथे टेकला होता. पण त्याला सहीचं वजन आलं ते तिसऱ्यामुळे, कायद्याने मानलं म्हणून.

सति सप्तमी
धुराला आपल्याकडे शब्द आहे. पर्वतो वह्निमान् धूमात्, धूर दिसतो म्हणजे डोंगरावर आग आहे. धूर हे लिंग, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचं ती खूण. न्यायशास्त्र कधीपासून सांगतंय.

कोरा कागद
एकोणीस वर्षांच्या साठ मुलांसमोर उभं राहून "धूर हे अग्नीचे लिंग होय" हे वाक्य आपण म्हणून दाखवावं, काका. मानधन देऊ.

सति सप्तमी
मुलं हसतात म्हणून शास्त्र सोडायचं? आणि निशाणी तर सरळ फारसी. खूण, चिन्ह, लक्षण, संकेत असे चार शब्द घरात असताना बाहेरून का आणायचा?

दस्तुरखुद्द
मग दस्त, दावा, वकील, शाई, कागद, सगळेच बाहेर जाऊ देत. मी काय म्हणून बसलो होतो चाळीस वर्षं? शिवाजी महाराजांच्या वेळी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, सावरकरांनी दिनांक दिला, दोन्हींना नमस्कार. पण दिनांक कागदावर राहिला, तोंडात तारीखच. कोर्टात आजवर कुणाचा 'दिनांक पडला' ऐकलाय?

गावठी गणपत
😂👍

अनुस्वारी
गणपतराव, हा अंगठा कुठला? आमच्या घरच्या गटात यावरून महाभारत झालंय. भाच्याने पैसे मागितले, त्याच्या मामांनी 👍 पाठवला. भाचा खूश. मामांचं म्हणणं, मी अंगठा दाखवला, म्हणजे नाही म्हटलं. 'अंगठा दाखवणे' या वाक्प्रचारावर मामा ठाम. दोघंही मराठीच बोलतात हो.

कोरा कागद
मामा जुन्या कोशातले.

गावठी गणपत
मामा हुशार आहेत. पैसे वाचले.

अनुस्वारी
पण माझा मुद्दा असा की निवडणुकीत आपण 'चिन्ह'ही म्हणतो आणि प्रचारात 'निशाणी'ही. आयोगाचा १९६८ चा आदेश चिन्हांचा. गाडीवरचा भोंगा मात्र "आपली निशाणी, आपली निशाणी" असाच ओरडत जातो. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत तर उमेदवारागणिक वेगळी पेटी होती, पेटीवर चित्र चिकटवलेलं. माझी पणजी सांगायची, तिने बैलाच्या जोडीच्या पेटीत मत 'खायला' टाकलं. चित्र म्हणजे पक्ष हे तिला मान्य नव्हतं, बैल म्हणजे बैल.

म्हापशेकर
गोव्यातून. आमच्याकडे खुणेला 'कुरू' म्हणतात. कुणी सुचवलं नाही म्हणून सांगितलं, एवढंच.

सति सप्तमी
ते कोंकणी झालं.

म्हापशेकर
होय, मग? तुमची निशाणी फारसी चालते.

सति सप्तमी
मला निशाणी चालते असं मी कुठे म्हटलं?

पाळण्यातले पाय
मी डॉक्टर आहे. माझ्या धंद्यात यातलं काहीच चालत नाही, आम्ही 'लक्षण' म्हणतो. ताप हे लक्षण. तुमची चिन्हमीमांसा पाश्चात्त्यांकडे मुळात वैद्यांकडूनच आली, रोगाची लक्षणं वाचणाऱ्यांकडून. पण पेशंट म्हणतो "पावसाची चिन्हं आहेत" आणि "ह्या पोराची लक्षणं ठीक नाहीत". पावसाला चिन्हं, पोराला लक्षणं. उलटं कुणी म्हणत नाही. का?

मधल्या आळीची
डॉक्टर, 'का' म्हणून मुलांनी विचारलं तर मी "आपण असंच म्हणतो" सांगते. या वाक्याचं जर्मन भाषांतर मला छान येतं.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. आजी, पाच नंबरचा बांध, मामांचा अंगठा, खून केलेली मुलगी, सगळं प्रकरणात घालणार आहे (परवानगी गृहीत धरते). पण मूळ पान तसंच आहे. शुक्रवारी द्यायचंय. आत्ता मी 'चिन्हक' लिहून पहिल्यांदा येतो तिथे तळटीप देतेय की यालाच जुन्या परंपरेत वाचक म्हणतात, हा वर्तमानपत्राचा वाचक नव्हे. तपासणाऱ्या बाई तळटिपेवर काय लिहितील देव जाणे. काका, रागावू नका.

सति सप्तमी
रागावलो नाही. तळटिपेत सत् षष्ठी घाला मात्र.

उंबराचं फूल
एक विचारू? पहिल्या पोस्टमध्ये अळंबी लिहिलंय. ते अळिंबी ना?

गावठी गणपत
मश्रूम म्हणा, सगळ्यांना कळतं.

सति सप्तमी
छत्राक.

म्हापशेकर
अळमी. आणि पावसाळ्यात आमच्या डोंगरावरची खाल्ली नसेल तर कुणीच बोलू नये.