मदत हवी आहे: डिझेल इंजिनाचं हँडल उलटं मारतं, हात वाचवून चालू कसं करायचं?

आगरवाली

मी दिवेआगरची. घरामागे वीस गुंठ्यांचं आगर आहे, माड, पोफळी आणि दोन जायफळं. विहिरीवर विजेची मोटर आहे, तरी शेजारच्या खोपटात जुनं डिझेल इंजिन आम्ही जपून ठेवलंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. तेव्हा आमच्याच नाही, आळीतल्या बारा घरांच्या टाक्या याच इंजिनाने भरल्या. ते विकायचा विषय घरात कोणी काढत नाही.

वादळात पडलेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपं आता कुठे सुपारी धरायला लागली आहेत. होळीनंतर दुपारची वीज गेली की शिपणं इंजिनावरच. आणि हँडल मारायचे ते फक्त अण्णा, माझे सासरे. वय ६८.

गेल्या महिन्यात हँडल उलटं आलं आणि अण्णांचं उजवं मनगट मोडलं. मी पाण्याच्या पाटावर होते. इंजिनाने एकदाच ठो केलं, आणि पाठोपाठ अण्णांचा आवाज आला. चाळीस वर्षं हँडल मारणारा माणूस जमिनीवर बसून हात छातीशी धरून होता. तो आवाज अजून डोक्यातून जात नाही.

आता घरात मी, माझा बारावीतला मुलगा आणि गडी. गड्याने आठवडाभर हँडल मारलं. त्यालाही दोनदा झटका बसला, हात वाचला एवढंच. मी त्याला थांबवलं. माणसाचा हात मोडून मला बाग शिपायची नाही.

इंजिनाची माहिती: ५ हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, पाण्याने थंड होणारं, १५०० फेऱ्यांचं. सेंट्रिफ्युगल पंप थेट जोडलेला. हेडवर डीकॉम्प्रेशनचा लिव्हर (उचलला की सिलिंडरमधला दाब सुटून चाक हलकं फिरतं, पाडला की दाब परत येतो) आहे आणि तो चालतो. इंजिन चालू झालं की छान चालतं, धूरही फार नाही. खोपटाची जमीन जांभ्याची, पंपाच्या ग्लँडमधून (शाफ्टभोवती पॅकिंग असतं तिथून) पाणी ठिबकतं म्हणून कायम ओली.

ज्यांना विचारलं त्यांनी दोनच उत्तरं दिली: विकून टाका, किंवा ताकदीचा माणूस ठेवा. मला तिसरं उत्तर हवंय. हँडल उलटं येतंच का? आणि माझ्यासारख्या पन्नास किलोच्या बाईनेही ते निर्धास्त मारावं असं काही करता येतं का? सेल्फ स्टार्ट बसवायचा विचार आहे, पण तो पावसाळ्यानंतर. पाणी आज द्यायचंय.

हर्णैचा तांडेल

ताई, अण्णांना लवकर आराम पडो.

आमच्या लहान बोटीला हँडलचंच इंजिन होतं. बाबांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं सांगतो. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मूठ वळायची नाही. बोटांचा नुसता आकडा करायचा. हँडल उलटं आलं तर बोटं आपोआप उघडतात आणि ते निसटतं. अंगठा पलीकडून आवळलेला असला की हात हँडलबरोबर ओढला जातो.

दुसरं, जोर वर खेचताना लावायचा, खाली दाबताना नाही. ज्या घटकेला दाब येतो ती घटका वर खेचण्यात आली पाहिजे. खाली दाबताना अंगाचा सगळा भार मनगटावर असतो आणि तेव्हाच उलटं आलं तर जायला जागाच नसते.

तिसरं, हँडल एकाने मारायचं आणि डीकॉम्प दुसऱ्याने पाडायचा. मारणाऱ्याने "सोड" म्हटल्यावरच पाडायचा, आधी नाही. एकटा माणूस एका हाताने मारतो आणि दुसरा हात लिव्हरकडे नेतो, तिथेच वेग पडतो. आणि ती ओली जमीन आधी नीट करा. पाय सरकला की वेग गेला, वेग गेला की झटका आलाच.

आगरवाली

तांडेलदादा, अण्णा एकटेच मारायचे आणि मूठ घट्ट वळायचे. मी कित्येकदा पाहिलंय. पण इतकी वर्षं काही झालं नाही, मग आत्ताच का? दिवाळीत इंजिनाचा डिझेल पंप (पाण्याचा नव्हे, नोझलला डिझेल देणारा) दुरुस्तीला दिला होता, तो परत बसवल्यापासून हँडल जड वाटतं असं अण्णा म्हणायचे. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

जुना फिटर

आहे. ताई, तुमच्या या एका वाक्यात बहुतेक उत्तर आहे.

आधी हँडल उलटं का येतं ते सांगतो. पिस्टन वर येताना हवा दाबली जाऊन तापते, आणि पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधीच नोझलमधून डिझेल उडतं. तुमच्या वर्गातल्या इंजिनात साधारण २३ अंश आधी. इंजिन वेगात असतं तेव्हा हे बरोबर असतं, कारण डिझेल पेटेपर्यंत पिस्टन माथा ओलांडतो. पण हाताने फिरवताना चाक मंद असलं, तर पिस्टन माथ्यावर पोचायच्या आतच डिझेल पेटतं आणि पिस्टनला आल्या वाटेने खाली ढकलतं. चाक उलटं फिरतं.

आता हँडलकडे बघा. त्याच्या तोंडाची खाच एका बाजूने तिरकी आणि दुसऱ्या बाजूने सरळ असते. इंजिन सुरू होऊन सुलट पळालं की तिरकी बाजू हँडलला बाहेर ढकलते. उलट फिरलं तर शाफ्टची पिन सरळ बाजूवर बसते आणि हँडलला घेऊनच फिरते. म्हणजे हँडल सुटायची सोय एकाच दिशेला आहे. दुसऱ्या दिशेला तुमची बोटं तेवढी सुटू शकतात. म्हणून तांडेलांनी सांगितलेली अंगठ्याची गोष्ट घरातल्या प्रत्येकाला शिकवा.

आता तुमचा डिझेल पंप. तो इंजिनाच्या अंगावर बसतो तिथे खाली पातळ पत्र्याचे शिम असतात. शिम काढले की पंप खाली बसतो, कॅम त्याला लवकर उचलतो आणि डिझेल लवकर उडतं. शिम वाढवले की उशिरा. पंप काढताना हे शिम तेलाने चिकटून येतात, पुसण्यात हरवतात, आणि बसवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. इंजिन चालू झाल्यावर ठणठणीत चालतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. तुमचं तसंच झालं असेल, असं माझं मत आहे.

तपासायचं असं. हँडल काढून बाजूला ठेवा, चाक हातानेच फिरवायचं आहे. नोझलकडे जाणारा हाय प्रेशर पाइप काढा. पंपाच्या डोक्यातला डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढून होल्डर परत बसवा, वर एक वाकडी नळी लावा. टाकीचा कॉक उघडा, रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) पूर्ण डिझेलवर ठेवा. नळीतून डिझेल वाहायला लागेल. चाक सुलट दिशेने अगदी हळू फिरवा. ज्या जागी धार थांबते तिथे डिझेल उडायला सुरुवात होते. चाकाच्या कडेवर खडूने खूण करा. तिथून पिस्टन पूर्ण वर असल्याच्या खुणेपर्यंत कडेवरचं अंतर मोजा. चाकाचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, २३ ने गुणा, ३६० ने भागा. उत्तर येईल तेवढंच अंतर हवं. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत दुसरा आकडा असेल तर तो धरा.

डिलिव्हरी व्हॉल्व्हला धुळीचा कण लागता कामा नये. स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवा. हात बसलेला नसेल तर गावातला फिटर बोलवा, पण मोजताना स्वतः उभ्या राहा.

हँडलही तपासा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत शाफ्ट गंजतो आणि हँडल सुटण्याऐवजी अडकतं. खाचेचे कोपरे झिजून वळलेत का, पिनऐवजी कोणी बोल्ट ठोकलाय का, ते बघा. शाफ्टला दर वेळी ग्रीस, आणि मुठीवर सैल फिरणारी नळी. नळी फिरली पाहिजे, म्हणजे हात तिला घासत नाही.

परसदार

आमच्याकडे चाकाच्या पुलीला दोरी गुंडाळून ओढतात. हँडलच नको, उलटं यायचा प्रश्नच नाही.

जुना फिटर

उलटं आलं की तीच दोरी हाताला घेऊन आत जाते. माझ्या ओळखीच्या एकाची दोन बोटं अशी गेली. दोरीच्या टोकाला गाठ नाही, हाताला वेढा नाही, एवढं पाळलं तरी एक सिलिंडरच्या डिझेलला मी दोरी सांगणार नाही.

हाडवैद्य नव्हे, डॉक्टर

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, मूळची श्रीवर्धनची. या दुखापतीचं जुनं नाव शोफरचं फ्रॅक्चर. मोटारी हँडलने चालू करायच्या काळात ड्रायव्हरांचं मनगट असंच मोडायचं. रेडियस या हाताच्या हाडाचं मनगटाजवळचं, अंगठ्याच्या बाजूचं टोक तिरकं तुटतं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि मग हळूहळू हे पेशंट मोटारींकडून कमी झाले. शेतात आणि बोटींवर ते अजून दिसतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. गड्याचं मनगट दुखत असेल, विशेषतः अंगठ्याच्या मुळाशी खोलगट भागात दाबल्यावर, तर "सुजलं नाही" म्हणून सोडू नका. तिथल्या स्कॅफॉइड या लहान हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. आणि अण्णांची बोटं आणि खांदा प्लॅस्टरमध्येही रोज हलवत ठेवा. या वयात खांदा आखडतो आणि मनगटापेक्षा तोच जास्त छळतो.

दर्यावर्दी

बोटीवर चीफ इंजिनिअर होतो, आता घरी. जहाजाच्या लाइफबोटीचं इंजिन उणे १५ अंशांतही दोन मिनिटांत सुरू झालंच पाहिजे असा नियम आहे. त्यासाठी काही बोटींवर स्प्रिंग स्टार्टर असतो. हँडलने स्प्रिंग सावकाश गुंडाळायची, हँडल काढून ठेवायचं, मग खटका सोडायचा. इंजिन फिरतं तेव्हा हँडल हातात नसतंच. बॅटरी लागत नाही, ताकदही नाही. तुमच्या इंजिनाला बसणारा मिळाला तर खाऱ्या हवेत सेल्फपेक्षा मी तो निवडेन. वर्षात चार महिने वापरायच्या बॅटरीची काळजी घेत बसणं नको.

हॅट्झ या जर्मन कंपनीच्या लहान इंजिनांना झटका शोषणारं हँडलही येतं. उलटा धक्का आला की हँडल आणि इंजिनाचा संबंध तुटतो. ते दुसऱ्या इंजिनाला बसत नाही, पण असा उपाय आहे हे तुमच्या फिटरला माहीत असू द्या.

एक राहिलं. कधी कधी इंजिन उलटं पेटतं आणि उलटंच चालू राहतं. एअर फिल्टरमधून धूर यायला लागला की समजायचं. हँडल अडकून गरगर फिरत असेल तर त्याला हात लावायला कोणी जायचं नाही. स्टॉप लिव्हर ओढा, कॉक बंद करा आणि लांब व्हा. तसं चालताना ऑइल पंप तेल देत नाही, म्हणून वाट बघत बसू नका.

आगरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. आज काय झालं ते सांगते.

फिटरदादांनी सांगितलं तसं मोजलं. चाकाचा घेर १२६ सेंटिमीटर, म्हणजे अंतर ८ च्या आसपास हवं. आलं १०.९. मुलाने हिशेब करून ३१ अंश सांगितले. आमच्या इथल्या फिटरने पंप उचलला तर खाली एकही शिम नव्हता. अण्णा खुर्चीवर बसून बघत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. इतके दिवस ते स्वतःच्या वयाला दोष देत होते.

शिम घालून तीनदा मोजलं, शेवटी ८.१ वर थांबलो. हँडलच्या पिनेच्या जागी खरोखरच बोल्ट निघाला, त्याचं डोकं खाचेत अडकत होतं. नवी पिन घातली. मुठीवर पाइपचा तुकडा सैल बसवला. ग्लँडचं पॅकिंग बदललं, खोपटात खडबडीत फरशी टाकली.

मग मी स्वतः मारलं. अंगठा बोटांच्या बाजूला, जोर वर खेचताना. अण्णा डाव्या हाताने डीकॉम्प धरून होते. "सोड" म्हणायला मी जरा घाई केली, वेग पुरेसा नव्हता. इंजिन माथ्यावर अडखळलं आणि चाक हलकेच मागे आलं, पण झटका नाही. दुसऱ्या वेळी दहा-बारा फेऱ्या जोरात मारून मग सोड म्हटलं. चालू झालं.

गड्याला डॉक्टरताईंनी सांगितलं तिथे दाबून पाहिलं, दुखतं म्हणाला. उद्या सकाळच्या एसटीने श्रीवर्धनला एक्स-रेला नेतेय.

एक प्रश्न उरलाय. मी उंचीला कमी आहे, हँडल वरच्या टोकाला खांद्याच्याही वर जातं. पायाखाली लाकडी पाट घेतला तर चालेल का?

जुना फिटर

लाकडी नको, हलतो. फरशीवरच जांभ्याचा एक थर सिमेंटमध्ये बसवून घ्या, दोन्ही पाय मावतील एवढा रुंद. हँडल सगळ्यात वर असताना कोपर किंचित वाकलेलं राहील एवढी उंची ठेवा. आणि तोवर अण्णांनी "सोड" तुमच्या तोंडून दोनदा ऐकल्याशिवाय लिव्हर पाडायचा नाही.