गोष्ट सांगणारे बँड, आणि ती गोष्ट तुम्हाला सापडली तो दिवस : अनुभव लिहा

ॲबा या स्वीडिश बँडचं 'द डे बिफोर यू केम' (१९८२) मराठीत आणायचा प्रयत्न गेले दोन महिने करते आहे. गाण्यात घडत काहीच नाही. एक बाई घरातून निघते, गाडी पकडते, ऑफिसात कागद उपसते, परत येते, टीव्ही बघते, वाचता वाचता झोपते. जवळजवळ सहा मिनिटं हेच, मध्ये वेगळं ध्रुवपदही नाही. पण यातलं काहीच ती खात्रीनं सांगत नाही. सगळं अंदाजानं, आणि मराठीत तो अंदाज आपसूक उतरतो : निघाले असेन, पेपर वाचला असेल, दहाच्या सुमारास झोपले असेन. तो दिवस तिला आठवत नाही, कारण आठवावं असं त्यात काही नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी कुणीतरी आलं. कोण आलं, ते गीतकार ब्योर्न उल्वेअसनं सांगितलेलंच नाही.

अशी गाणी तुमच्याकडे असणार. आवडत्या गाण्यांची नुसती यादी नको. ती गोष्ट तुम्हाला कधी ऐकू आली आणि तेव्हा तुमचं काय चाललं होतं, ते लिहा.

* * *

झॉम्बीज या ब्रिटिश बँडचं 'केअर ऑफ सेल ४४'. १९६८च्या 'ओडेसी अँड ओरॅकल' या अल्बममधलं पहिलंच गाणं. पियानो उड्या मारत येतो, आवाजांची सुंदर गुंफण आहे, आणि मी कित्येक वर्षं ते सकाळचं प्रसन्न गाणं म्हणून ऐकत होतो. ते तुरुंगातून सुटणार असलेल्या माणसाला लिहिलेलं पत्र आहे, हे मला माहीत नव्हतं. शीर्षकातली 'सेल' म्हणजे कोठडी.

कळलं तेव्हा माझा धाकटा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात होता. सहा महिने. तो परत यायच्या आठवड्यात घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. त्याच्यासमोर काय बोलायचं नाही, याची उजळणी चालली होती. त्या गाण्यातला माणूस नेमकं उलटं करतो. तुझी खोली ठेवली आहे म्हणतो, आणि तिथले दिवस कसे गेले ते मला सांग, असंही सहज म्हणून जातो. रॉड अर्जंटनं एवढ्या जड गोष्टीला एवढी हलकी चाल का दिली, ते मला त्या आठवड्यात समजलं. भाऊ आला त्या रात्री मी त्याला विचारलं, "तिथे दिवसभर काय करायचास रे?" तो दोन तास बोलत होता. बागकामाबद्दल सर्वात जास्त.

* * *

वरचा अनुभव वाचून गाणं लगेच लावलं. आता ते पूर्वीसारखं ऐकता येणार नाही. भावाला माझा नमस्कार सांगा.

* * *

माझं गाणं स्क्वीझचं 'अप द जंक्शन' (१९७९). कॉलेजात आमचा चार जणांचा बँड होता, मी गिटार आणि गायन. हे बसवायला घेतलं तर ड्रमर म्हणाला, यात ध्रुवपद कुठे आहे? लोकांनी आपल्याबरोबर म्हणायचं काय? खरंच नाहीये. ख्रिस डिफर्डचे शब्द नुसते पुढे जात राहतात : ओळख, भाड्याची खोली, नोकरी, हिवाळा, मुलीचा जन्म, मग दारू, मग मुलीची आई तिला घेऊन निघून जाते. शीर्षकाचे शब्द येतात ते थेट शेवटच्या ओळीत.

आम्ही त्यातल्याच दोन ओळी उचलून ध्रुवपद केलं आणि तालमीत तीनदा वाजवलं. तिन्ही वेळा गाणं मेलं. मुलगी जन्मली, आणि लगेच आम्ही पुन्हा पहिल्या भेटीच्या ओळींवर! त्याची वर्षं पुढे चाललेली असताना ध्रुवपद त्याला दर मिनिटाला मागे ओढून आणत होतं. ड्रमरनंच शेवटी सांगितलं, काढून टाक. कार्यक्रमात कुणी आमच्याबरोबर गायलं नाही, पण शेवटच्या ओळीनंतर सभागृहात जी शांतता पसरली ती टाळ्यांच्या आधीची आम्हाला मिळालेली सर्वात लांब शांतता होती. पुढे मी कथा लिहू लागले. परत परत मागे वळायचा मोह झाला की ती तालीम आठवते.

* * *

बीटल्सच्या 'एलनॉर रिग्बी'बद्दल (१९६६) कुणीच कसं लिहिलं नाही? मी व्हायोलिन वाजवतो, त्यामुळे माझा कान आधी तिकडे जातो. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो, आणि चौघांपैकी एकाचंही वाद्य नाही. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिननं तंतुवाद्यं गोड होऊच दिलेली नाहीत, ती टोचतात. लग्न लागून गेलेल्या चर्चमध्ये तांदूळ वेचणारी ती आणि कुणी न ऐकणारं प्रवचन लिहिणारा पाद्री एकमेकांजवळ येतात ते तिच्या दफनाच्या वेळीच. दोन मिनिटांच्या थोडं वर, एवढ्यात दोन आयुष्यं. आम्ही हे आठ जणांत वाजवलं तेव्हा माझ्या वाट्याला जवळजवळ सगळे तुटक, छाटलेले स्वर आले. लांब, सुरेल गज ओढायला हात शिवशिवत होता, आणि तो आवरायचा होता.

* * *

ह्यूमन लीगचं 'डोन्ट यू वाँट मी' (१९८१). पहिल्या कडव्यात पुरुष सांगतो, मी तुला घडवलं. दुसऱ्यात ती सांगते, मी तशीही पुढे गेलेच असते. मी नोकरी सोडताना माझे वरिष्ठ पहिलं कडवं जवळपास शब्दशः बोलले. दुसरं मला पाठ होतं.

* * *

धागा काढणाऱ्या ताईंना, तुमच्या भाषांतराविषयी. 'तू आलास' लिहिलंत की तो पुरुष ठरतो, 'आलीस' लिहिलंत की स्त्री. कृपा करून 'तू येण्याच्या आदल्या दिवशी' एवढंच ठेवा.

कारण सांगते. आम्ही मूल दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. एका मंगळवारी दुपारी फोन आला. तो मंगळवार मला मिनिटामिनिटाला आठवतो : हातातलं पेन, खिडकीचा पडदा, नवऱ्याला फोन लावताना दोनदा चुकलेला नंबर. लेक आता नऊ वर्षांची आहे आणि तिला ती गोष्ट वारंवार ऐकायची असते. मध्ये एकदा तिनं विचारलं, "आई, त्याच्या आदल्या दिवशी तू काय करत होतीस?"

मला काहीच आठवेना. सोमवार होता, तेव्हा ऑफिसला गेले असेन. संध्याकाळी काहीतरी वाचलं असेल. तुमचा धागा उघडला आणि तुमचं ते 'झोपले असेन' वाचलं, तेव्हा गाणं पहिल्यांदाच ऐकलं. रात्री तिला शेजारी घेऊन पुन्हा लावलं आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेले. ती मध्येच म्हणाली, "म्हणजे हिला अजून माहीतच नाहीये."