फ्लोट आणाल तेव्हा रिंगही आणा

गाडीतला पेट्रोलचा काटा ‘ई’वरून (म्हणजे टाकी रिकामी) हलत नाही म्हणजे फ्लोट (टाकीत बसून पेट्रोलची पातळी मोजणारा दांडीवाला तरंगता भाग) गेलाच, असं एकाने म्हटलंय. दर वेळी नाही. फ्लोट बाहेर काढलात की फेकण्याआधी मल्टिमीटर (विजेचा रोध ओहममध्ये मोजणारं यंत्र) लावा आणि दांडी हळूहळू वरखाली करा. ओहम सलग बदलले तर फ्लोट ठणठणीत आहे, अर्थिंगची वायर बघा.

माझ्या जुन्या गाडीत मात्र फ्लोटच गेला होता. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, टाकी जवळपास रिकामी करून, अंगणात उघड्यावर काम केलं. अडलं ते फ्लोट बसतो तिथलं टाकीचं तोंड घट्ट बंद ठेवणाऱ्या रबरी रिंगपाशी. पेट्रोलमध्ये राहून ती फुगते, एकदा निघाली की खाचेत परत बसत नाही. अर्धा तास दाबून कशीबशी बसवली (हट्ट, दुसरं काय!) आणि टाकी फुल्ल केल्यावर गाडीभर पेट्रोलचा वास. शेवटी नवीन रिंग आणावीच लागली. आणि फ्लोट जागेवर धरून ठेवणारी वरची चकती फिरवायला लोखंडी छिन्नी नको, ठिणगी उडते. लाकडाचा तुकडा घ्या.