मदत हवी आहे: २००८ची ई-क्लास, ३८ हजार किमी, आणि भाव मीच सांगायचा आहे

एरंडवणेकर:

मंडळी, जुनी मर्सिडीज वापरलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या लोकांचा सल्ला हवा आहे. "पांढरा हत्ती आहे, घेऊ नकोस" हे घरी रोज ऐकतोच आहे, तेवढंच सांगायचं असेल तर तसदी घेऊ नये. :)

गाडी ई २०० कॉम्प्रेसर, डब्ल्यू २११ (ई-क्लासच्या त्या पिढीचा कंपनीचा कोड), २००८ची. पेट्रोल, ऑटोमॅटिक, एमएच १२ पासिंग, पहिला मालक. मीटरवर ३८ हजारांच्या थोडं वर. आमच्या सोसायटीला लागून बंगला आहे, तिथल्या काकूंची. काका २०२१मध्ये गेले, काकू चालवत नाहीत, मुलगी बंगळुरूला. तेव्हापासून गाडी पोर्चमध्ये कव्हरखाली उभी आहे. त्यांचा जुना ड्रायव्हर दर रविवारी येऊन दहा मिनिटं चालू करून जातो.

मी कव्हर काढून निवांत बघितली. ब्रेक पेडलच्या रबरावरच्या रेघा शाबूत आहेत, स्टिअरिंगचं लेदर कुठेही गुळगुळीत झालेलं नाही, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड फाटलेली नाही. सर्व्हिस बुकात २०१९पर्यंत दरवर्षी शिक्का, शेवटचा ३६ हजारांचा. डिकीतला धोक्याचा त्रिकोण अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. दोन्ही चाव्या आहेत. खटकलेल्या गोष्टी म्हणजे टायरच्या बाजूला बारीक भेगा (कोड १४१६, म्हणजे २०१६च्या चौदाव्या आठवड्यातले), एसी लावला की कुबट वास, आणि मागच्या काचेजवळ छताचं कापड जरा लोंबतंय.

कागदपत्रांची बाजू लंगडी आहे. आरसी अजून काकांच्याच नावावर, १५ वर्षं २०२३मध्ये संपली, नूतनीकरण झालेलं नाही. विमा नाही, पीयूसी नाही.

आता खरी अडचण. एक जुन्या गाड्यांचा डीलर येऊन पावणेदोन लाख सांगून गेला. वर काकूंना म्हणाला, "पंधरा वर्षं झाली मॅडम, आता ही भंगारातच जाणार, मी आहे म्हणून एवढे तरी देतोय." काकूंनी मला बोलावलं. "तुला गाड्यांतलं कळतं, तुला आवडतेही. तूच सांग काय द्यायचे ते. मी घासाघीस करणार नाही." आता आली का पंचाईत! जाहिरातींमध्ये याच मॉडेलच्या सत्तर-ऐंशी हजार चाललेल्या गाड्या चार लाखांपासून पार आठ लाखांपर्यंत दिसतात, त्यावरून काही बोध होत नाही.

तर, एवढी कमी चाललेली म्हणून जास्त द्यावेत, की एवढी वर्षं उभी म्हणून कमी? आणि कागद आधी कुणी करायचे? गाडी रोजची नाही, रविवारी आणि गावी जायला हवी आहे. रोजच्याला होंडा सिटी आहे.

----

सदाशिवपेठी:

लावणार कुठे? ही गाडी जवळपास ४.८५ मीटर लांब आहे. आमच्या गल्लीत एवढं लांब फक्त भांडण चालतं.

----

बारातेराचा_पाना:

मीटर खरा वाटतोय. पेडल आणि सीट खोटं बोलत नाहीत. तरी काकूंच्या परवानगीने अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून चासी नंबरवर जुनी हिस्ट्री काढून घ्या, दर भेटीचं रीडिंग त्यात असतं.

पण कमी चाललेली म्हणजे चांगली, हे डोक्यातून काढा. रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. बुश, इंजिन माउंटिंग, कूलंटचे पाइप, पट्टा, वायपर, दरवाज्यांची रबरं, सगळं १७-१८ वर्षांचं आहे. टायर चारही गेले असं धरा, नक्षी कितीही शिल्लक असली तरी. साइज २२५/५५ आर १६ असणार, सहज मिळतो.

रविवारचा कार्यक्रम आजच बंद करा. दहा मिनिटं जागेवर चालवून ऑइल पुरतं तापतच नाही. जळणातून तयार होणारं पाणी वाफ होऊन बाहेर जायच्या ऐवजी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठतं. बॅटरीतून स्टार्टरने घेतलेलंही तेवढ्यात भरून निघत नाही. ऑइल भरायचं झाकण उघडा, खाली सायीसारखा पांढुरका थर असेल तर तो याचाच. दिसला म्हणून घाबरू नका, पण ऑइल-फिल्टर बदलून, गाडी चांगली तापेपर्यंत चालवून परत बघा. परत आला आणि कूलंटही कमी होत असेल, तर मग हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांमधल्या सीलचा) संशय.

आता चांगली बातमी. २००६च्या आधीच्या डब्ल्यू २११ला एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा होती. तिच्या पंपाचं आयुष्य मोजून दिलेलं, संपलं की मीटरवर लाल इशारा आणि मोठा खर्च. २००६च्या फेसलिफ्टमध्ये, म्हणजे मॉडेल तेच ठेवून केलेल्या सुधारणांत, कंपनीने ती काढून साधे हायड्रॉलिक ब्रेक दिले. तुमची २००८ची, सुटलात. या मॉडेलला साध्या स्प्रिंगा आहेत, म्हणजे एअर सस्पेन्शनचाही खर्च नाही. लोक ई-क्लासला पांढरा हत्ती म्हणतात ते बहुतेक याच दोन गोष्टींमुळे.

इंजिन एम २७१, १७९६ सीसी, सुपरचार्जरवालं. याचं दुखणं टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारी साखळी. रात्रभर गार पडलेली गाडी सकाळी चालू करताना बोनेट उघडं ठेवून शेजारी उभे राहा. पहिले दोन-चार सेकंद साखळी खडखडली तर चेन आणि कॅमचे गिअर दोन्ही बघायला लागतील. ड्रायव्हरला सांगून ठेवा, तुम्ही यायच्या आधी चालू करायची नाही! इंजिनाच्या मागच्या बाजूला ब्रीदरचे (आतली वाफ बाहेर काढणारे) रबरी पाइप आहेत, ते तडकतात, मग आयडलिंग वरखाली होतं. शंभर-दोनशे रुपयांचं रबर आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

गिअरबॉक्स पाच गिअरचा. त्याला बाजूने वायरचा एक गोल प्लग जातो, त्याच्या रिंगा कडक झाल्या की ऑइल झिरपतं, आणि वायरच्या आतून चढत थेट गिअरच्या कॉम्प्युटरपर्यंत जातं. प्लग स्वस्त आहे, कॉम्प्युटर नाही. रॅम्पवर घेतल्यावर पहिल्यांदा तिथे बोट फिरवा. गिअर ऑइल 'आयुष्यभर पुरतं' असं कुणी सांगितलं तर कुणाचं आयुष्य ते विचारा. बदलूनच टाका.

कुबट वास आहे ना? बोनेटखालचं एसीचं फिल्टर काढा. बंगल्यात उभी गाडी म्हणजे उंदीर हमखास. लेंड्या दिसल्या तर बोनेटच्या आतलं अस्तर आणि वायरिंगही तपासा.

----

नळस्टॉप:

कागदांचं मी सांगतो, नुकताच यातून गेलोय.

डीलरने काकूंना घाबरवलंय. पेट्रोल १५ आणि डिझेल १० वर्षं हा नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरचा. महाराष्ट्रात खाजगी गाडी तपासणीत पास झाली की पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं.

क्रम महत्त्वाचा आहे. काका हयात नाहीत, त्यामुळे फॉर्म २९-३०वर कुणाची सही घेऊन थेट तुमच्या नावावर करायचा विचारही करू नका. एजंट सुचवतील. आधी फॉर्म ३१ने गाडी काकूंच्या नावावर व्हायला हवी. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मुलीची ना-हरकत. गाडीवर कर्ज होतं का बघा. फिटलेलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव राहून जातं, मग ते काढायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. सरकारच्या 'परिवहन' साइटवर गाडीचा नंबर टाकला की बोजा, विमा, दंडाच्या पावत्या सगळं दिसतं.

मग काकूंच्या नावावर विमा. दीड हजार सीसीच्या वर असल्याने नुसता थर्ड पार्टीच वर्षाला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी. पीयूसी. नूतनीकरणाला फॉर्म २५. १५ वर्षांवरच्या चारचाकीला ५,००० रुपये फी, उशिराचा दरमहा आकार वेगळा, आणि पर्यावरण कर वेगळा. पुढच्या नूतनीकरणाला गाडी २० वर्षांच्या वर गेलेली असेल, त्यांना ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये फी झाली आहे, तेही धरून चाला. २०१९च्या एप्रिलच्या आधीची गाडी म्हणजे एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरच्या पाट्याही लागणार, ७४५ अधिक जीएसटी. हे सगळं झाल्यावर काकू ते तुम्ही, फॉर्म २९-३०.

संगम पुलाजवळच्या आरटीओत एकदा सकाळी जाऊन खिडकीवर विचारून या. आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका. "जरा चांदणी चौकापर्यंत नेऊन बघतो" असं प्रत्येकाला वाटतं. विमा नसताना कुणाला धक्का लागला तर भरपाई काकांच्या वारसांच्या गळ्यात. गॅरेजला न्यायची तर सपाट ट्रेलरवर.

----

चिंचवडकर:

थोडं अवांतर. ही गाडी आपल्याच गावची आहे. मर्सिडीजने इथे १९९५मध्ये जोडणी सुरू केली ती पिंपरीला, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात. चाकणचा कारखाना २००९चा, म्हणजे तुमची ई-क्लास पिंपरीत जोडलेली असणार.

पार्ट्सचं फार टेन्शन घेऊ नका. बुश आणि आर्म लेमफर्डरचे, फिल्टर मानचे, सेन्सर बॉशचे घ्या. कंपनीच्या डब्यातही बरेचदा हेच बनवणारे असतात, फक्त डब्यावरचा मर्सिडीजचा तारा जातो आणि किंमत उतरते. नाना पेठेत काउंटरवर नसले तरी मागवून देतात. काचा, दिवे, आतलं ट्रिम मात्र महाग, त्यामुळे तिथे गाडी धडधाकट आहे हे मोठं भांडवल. त्याचे पैसे काकूंना मिळायला हवेत असं माझं मत.

----

बारातेराचा_पाना:

@चिंचवडकर, मत मान्य, पण गिऱ्हाईक ट्रिमसाठी पैसे देत नाही. उभ्या गाडीला चालत्या गाडीचा भाव मिळत नाही.

----

मुक्ता_भूगाव:

दोघेही बरोबर आहेत आणि दोघांनीही मूळ प्रश्न बाजूला ठेवलाय. :) प्रश्न इंजिनाचा नाहीच. विकणाऱ्याने भाव ठरवायचं काम घेणाऱ्यावर टाकलंय. तुम्ही कितीही सरळ वागलात तरी उद्या काकूंच्या भावाने "अगं, सहा लाख आले असते" म्हटलं की संपलं. आणि तुम्ही रोज त्याच फाटकासमोरून जाणार.

मुलीला मध्ये घ्या. तिची सही तशीही लागणार आहे. गाडीची तपासणी तुमच्या खर्चाने करा, पण अहवाल काकू आणि मुलगी दोघींना द्या, दुरुस्तीच्या अंदाजासकट. आणखी दोन ठिकाणची लेखी ऑफर त्यांनी स्वतः मागवावी. तुम्ही आकडा सांगा, पण सगळ्यात शेवटी, आणि तो कसा काढला ते लिहून. तोंडी व्यवहार शेजारात अजिबात नको. पैसे काकूंच्या खात्यावर, बयाणा दिला तर त्याचीही पावती.

----

एरंडवणेकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी प्रगती आहे, सांगतो.

मुलीशी फोनवर बोललो. तिला डीलरचा प्रकार ठाऊकच नव्हता. फॉर्म ३१चं काम तिने हातात घेतलंय, ना-हरकत पाठवते म्हणाली. आरसीवर खरंच एका बँकेचं नाव निघालं, कर्ज २०११मध्येच फिटलेलं. (@नळस्टॉप, तुमच्या पाया पडायला हवं.)

गाडी ट्रेलरवर घालून ओळखीच्या गॅरेजला नेली. सकाळी गार इंजिन चालू केलं, खडखड नाही. झाकणाखाली थर होता, ऑइल बदलून रॅम्पवरच पंखा फिरेपर्यंत तापवली, पुन्हा बघितलं तर जवळजवळ गेला. कूलंट जागच्या जागी. गिअरबॉक्सच्या प्लगला ओल आहे, पण कॉम्प्युटरच्या बाजूचा कनेक्टर कोरडा. ब्रीदरचा पाइप बोटाने दाबला तर चुरा झाला. एसीच्या फिल्टरमध्ये उंदराने कापूस, कागद आणि एका लग्नपत्रिकेचा कोपरा आणून ठेवला होता. वायरिंग मात्र सुटलं.

टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, बुश, पट्टा, पाइप, एसीची सफाई आणि छताचं कापड धरून गॅरेजने एक लाख ऐंशी हजारांचा लेखी अंदाज दिलाय. आरटीओ आणि विम्याचे वेगळे.

माझं गणित असं. याच वयाची, कागद पूर्ण असलेली चालती गाडी साडेपाचला मिळेल असं धरलं. त्यातून दुरुस्ती वजा. कागदांचा खर्च मी करणार, पण तो भावातून कापणार नाही, कारण आतून गाडी खरोखर जपलेली आहे आणि त्याचं काहीतरी काकूंच्या पदरात पडायला हवं. येतात तीन लाख सत्तर. हे सगळं लिहून दोघींना पाठवलंय. वर हेही लिहिलंय की दुसऱ्या ऑफर येईपर्यंत उत्तर देऊ नका. मुलगी म्हणाली, "दादा, आईने मनात तुम्हाला देऊनच टाकली आहे, पण मी दोन ठिकाणी विचारते." विचारू दे, मलाही तेच हवंय.

आता एकच राहिलं. टाकीत निम्मं पेट्रोल आहे, बहुधा दोनेक वर्षांपूर्वीचं. आणि पुढे या गाडीला वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालेल का?

----

बारातेराचा_पाना:

टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, मगच चालवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, प्रमाणाबाहेर गेलं की पाण्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच खेचतो.

त्या काळच्या या इंजिनाला दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. वीस टक्क्यांसाठी ती बनवलेली नाही. उद्या बंद पडेल असं नाही, पण जुनं रबर लवकर मऊ पडतं, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप आत्ताच नवे टाकून घ्या, अंदाजात ते धरलेले दिसत नाहीत. टाकी भरून महिनाभर उभी ठेवू नका. दर पंधरा दिवसांनी अर्धा-पाऊण तास पळवा, कात्रजचा घाट चढवून आणा, आणि परत आल्यावर खाली वाकून त्या प्लगकडे बघा.

----

सदाशिवपेठी:

सगळं झालं. लावणार कुठे, ते राहिलंच.

----

एरंडवणेकर:

पार्किंग मोजलं. पाच मीटर दहा. सिटी बाहेर रस्त्यावर जाणार, ते बायकोला अजून सांगायचंय.