आखूड दुनळी घेण्यापूर्वी

इंदूरमध्ये परवानाधारक विक्रेत्याकडून कमी किमतीची, जितकी आखूड मिळेल तितकी 12 बोरची (बोर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप) दुनळी बंदूक मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजीसाठी घ्यावी का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की लांबीचा हट्ट सोडून वापरलेली, पण मूळ, न कापलेल्या नळ्यांची बंदूक पाहावी. नळी 26 इंचांची असली तरी या खेळात ती आखूडच ठरते. त्याहून आखूड नळी झटकन वळते खरी, परंतु उडत्या तबकडीमागे फिरता फिरता मध्येच थबकते आणि नेम मागे राहतो. शिवाय कापलेल्या नळीच्या टोकाचा चोक, म्हणजे छर्रे एकत्र ठेवणारी चिंचोळी जागा, निघून जातो, आणि शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हाच आहे. (स्वस्तात मिळाली, ही सबब तिथे चालत नाही.)

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या सुट्या काढाव्यात, टांगून नखाने टिचकी मारावी. नाद स्वच्छ घुमला तर जोड बहुधा शाबूत असतो, बद्द वाजला तर नळ्यांना जोडणारी पट्टी सुटलेली असू शकते. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, 70 मिलिमीटरचे आहे ना, हे बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून मोजून घ्यावे, कारण जुन्या बंदुकींत ते 65 मिलिमीटरचेही आढळते.