रात्री ड्यूटीवर कोण असतं?

इमारत चकचकीत आणि बाग छान म्हणजे म्हाताऱ्या, आजारी माणसांना ठेवायचं नर्सिंग होम चांगलं, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. अहो, बाग आपल्यासाठी असते, पेशंट खाटेवर असतो.

आईसाठी पुण्यात जागा शोधताना मी पहिला प्रश्न हाच विचारायचे: रात्री किती माणसं, आणि त्यात शिकलेली नर्स किती? दिवसाचा आकडा सगळेच सांगतात. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "मावशी असतात ना!" तीस पेशंटना दोन मावश्या. चहा न घेताच निघाले.

दुसरं म्हणजे बेडसोअर, सतत एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी लागते. त्याची नोंदवही मागा. सगळ्या वेळा एका दमात भरलेल्या दिसल्या तर समजून जा. (मी पाहिलेल्या एका वहीत दुपारी 1 वाजताच रात्री 11 ची कूस बदलून झाली होती!) टाचा आणि माकडहाड स्वतः बघा. वजन दरमहा लिहितात का तेही बघा. महिन्यात 5 टक्के घटलं तर नीट भरवतात का, गिळता येतंय का, हे तपासायलाच हवं.

भेटीची वेळ संध्याकाळची असेल तर परवानगी काढून सकाळी नाश्त्याला जा. डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) सगळेच पेशंट तेव्हा गाढ झोपेत असतील तर गोळ्या कुठल्या, कोणी लिहून दिल्या, विचारा. लघवीच्या वासाने मात्र लगेच नाक मुरडू नका, डायपर बदलताना तो येणारच. तासाभराने तिथेच तोच वास असेल तर गोष्ट वेगळी.