मदत हवी आहे: रियाजाच्या खोलीसाठी आवाज शोषणारं आणि विखुरणारंही पॅनल सुताराकडून करून घेता येईल का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवते. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटची एक खोली मी गाण्याच्या क्लासला दिली आहे. १२ फूट लांब, १० फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. खाली गुळगुळीत टाइल्स, भिंतींना पुट्टी, एक स्लायडिंगची खिडकी. सामान म्हणाल तर तानपुरा, पेटी, एक तबलाजोडी आणि सतरंजी.

मूळची खोली म्हणजे विहीरच होती. टाळी वाजवली की मागे टर्रर्र अशी शेपटी यायची, आणि तान घेतली की सगळे स्वर एकमेकांत कालवले जायचे. वर्षापूर्वी एका दुकानदाराच्या सल्ल्याने २५ मिलिमीटर जाडीचे पिरॅमिडवाले फोमचे चौकोन चारही भिंतींवर चिकटवले. टर्रर्र गेलं. पण आता खोलीचा जीवच गेलाय.

तानपुऱ्याची जवारी (घोडीवर तार झणझणावी म्हणून करतात ती घासणी) दोन महिन्यांपूर्वीच काढून आणली आहे. बाहेर हॉलमध्ये छेडला तर खर्जाच्या तारेतून गंधार स्वच्छ ऐकू येतो. तोच तानपुरा या खोलीत आणला की गोधडीत गुंडाळल्यासारखा वाजतो. मुलींना स्वतःचा आवाज परत ऐकू येत नाही, मग त्या नकळत जोर लावतात. एकीचा घसा बसला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गंमत म्हणजे एवढं करून घुमणं गेलंच नाही! शनिवारी एक काका येतात, काळी एकमध्ये (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गातात. त्यांचा सा लागला की खोलीच हुंकार देते. कोमल रेवर गेले की हुंकार बंद. पुन्हा सा, पुन्हा हुंकार. काकांना वाटतं सा फार छान लागतोय.

शोधताना कळलं की काही पॅनल्स दोन्ही कामं करतात: मागे रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) आणि समोर प्लायवूडच्या पट्ट्या किंवा भोकं, पण अनियमित अंतरावर. तयार पॅनल्सचे भाव ऐकून मी फोन ठेवून दिला. आमचे नेहमीचे सुतारकाका करायला तयार आहेत, फक्त माप द्या म्हणतात. ते माप कुणी देईल का? किती पॅनल्स लागतील? रॉकवूल घरात ठेवणं बरं का? शेजाऱ्यांची तक्रार नाही, त्यामुळे आवाज बाहेर जाऊ नये वगैरे मला नकोय. आत नीट ऐकू यावं, एवढंच.

प्रतिसाद १

अंड्याचे ट्रे लावा ताई. आमच्या ओळखीत एकाने लावलेत. खर्च शून्य.

प्रतिसाद २

अंड्याचे ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा. वरच्या थोड्याशा पट्ट्यात जरा फरक पडेल, घुमणं तसंच राहील, आणि पावसाळ्यात झुरळं येतील ती वेगळी.

ताई, तो फोम मात्र आधी काढा. आवाजासाठी नाही, आगीसाठी. साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि धूर विषारी असतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका नाइटक्लबमध्ये २००३ साली भिंतीवरच्या अशाच फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. तुमच्या खोलीत समई किंवा उदबत्ती लागत असेल तर हे मनावर घ्याच.

प्रतिसाद ३

माझं कामच या क्षेत्रातलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या फोमने काय केलं ते बघू. मऊ, सच्छिद्र वस्तू आवाज खाते ती तिच्यात हवेचे कण हलतात म्हणून. भिंतीला अगदी चिकटून ते हलतच नाहीत, लहरीच्या पाव लांबीइतकं पुढे आलं की सगळ्यात जास्त हलतात. २५ मिलिमीटर ही साधारण ३४०० हर्ट्झच्या लहरीची पाव लांबी. म्हणजे तुमचा फोम वरचं वरचं खातो, आणि तानपुऱ्याची जवारी नेमकी तिथेच असते. खालचा आवाज त्याच्या आरपार जातो, भिंतीवर आपटून परत येतो. खोली मेली तरी घुमते ती यामुळे.

तुम्ही म्हणता ते पॅनल याच्या उलट वागतं. खालच्या आणि मधल्या लहरी लांब असतात, त्या पट्ट्यांना वळसा घालून मागच्या रॉकवूलपर्यंत पोचतात आणि शोषल्या जातात. वरच्या आखूड लहरी पट्टीवर आपटतात, पण बाजूच्या फटीतून काहीच परत येत नाही, त्यामुळे उरलेला आवाज आरशासारखा सरळ न येता पसरून येतो. मुलींना आपला आवाज ऐकू येईल, टर्रर्र मात्र नाही.

माप लिहून घ्या. पॅनल ६०० मिलिमीटर रुंद, १२०० उंच. रुंदीचे ४० मिलिमीटरचे १५ घर पाडा. डावीकडून: तीन फटी, एक पट्टी, दोन फटी, दोन पट्ट्या, एक फट, एक पट्टी, एक फट, चार पट्ट्या. एकूण आठ पट्ट्या, सात फटी. हा क्रम मनाचा नाही. मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९७५ साली अशाच गणिती क्रमाने भिंतीला खाचा पाडल्या तर आवाज सगळीकडे सारखा विखुरतो हे दाखवलं होतं. त्याचे खोल खाचांचे डिफ्यूझर (आवाज विखुरणारी पॅनल्स) तुमच्या खोलीत नकोत. ५०० हर्ट्झपासून काम करणारा सात खाचांचा घेतला तरी सगळ्यात खोल खाच जवळपास २० सेंटिमीटरची होते, आणि त्याच्यापासून लांब बसावं लागतं. १० फुटांत कुठे बसणार?

मागे ५० मिलिमीटरचं रॉकवूल, घनमीटरला ४८ किलो घनतेचं, आणि त्याच्या मागे भिंतीपर्यंत ५० मिलिमीटर मोकळी हवा. ही पोकळी विसरू नका. फुकटात खालचा आवाज खाते आणि पावसाळ्यात भिंतीची ओल रॉकवूलला लागत नाही. रॉकवूल सगळीकडून कापडात शिवून घ्या, म्हणजे तंतू उडणार नाहीत. कापायला मास्क आणि हातमोजे हवेतच. कापड कसं ओळखाल? ओठांना लावून फुंकर मारा, हवा सहज आरपार गेली तर चालेल. रेक्झिन नको.

संख्या: तुमची खोली साधारण ३२ घनमीटर. आवाज विरायला अर्धा सेकंद धरला तर सॅबिनच्या सूत्राने (खोलीचा आकार आणि आवाज विरण्याचा वेळ यांवरून शोषण काढतात ते) १० चौरस मीटरच्या आसपास शोषण लागतं, म्हणजे आवाज पूर्ण गिळणारी तेवढी जागा. सहा पॅनल्समधून त्यातलं चारेक येईल. बाकीचं सतरंजी, जाड पडदा आणि बसलेली माणसं भरून काढतील. समोरासमोरच्या भिंतींवर पॅनलसमोर पॅनल नको, एकाआड एक लावा. दोन पॅनल्स शेजारी आले तर दुसऱ्यात पट्टीच्या जागी फट आणि फटीच्या जागी पट्टी करा.

धागाकर्ती

दादा, इतकं कुणी पैसे देऊनही समजावलं नव्हतं. खूप आभार. काकांचा सा राहिला मात्र. या पॅनल्सने जाईल का?

प्रतिसाद ३ (पुन्हा)

नाही जाणार. काळी एकचा सा म्हणजे १३८.६ हर्ट्झ. १२ फूट लांबीच्या खोलीत तिसरी उभी लहर (समोरासमोरच्या भिंतींत आपटून जागच्या जागी घुमणारी) १४१ हर्ट्झला येते, ती त्या साला हात देते. तिची पाव लांबी ६० सेंटिमीटर, तेवढं जाड पॅनल कोण लावणार? दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत फूटभर जाडीचं रॉकवूल भरलंत तर उतरेल.

पण आधी एक फुकटचा उपाय. काका बसतात कुठे?

धागाकर्ती

गुडघ्यांमुळे दाराच्या बाजूच्या भिंतीला टेकून. आखूड भिंत.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

तेच. या लहरीचा दाब भिंतीशी आणि ४ व ८ फुटांवर सगळ्यात जास्त असतो. २, ६ आणि १० फुटांवर जवळपास शून्य. काकांना पाठ असलेली खुर्ची द्या आणि बरोबर मध्ये, ६ फुटांवर बसवा.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

दादा, खुर्चीने काम केलं! हुंकार पुष्कळच कमी झाला. काका जरा नाराज आहेत, म्हणतात आज सा लागत नाहीये.

फोम उतरवला (भिंतीची पुट्टी सोलून आली, ते दुःख वेगळं). पहिली दोन पॅनल्स आली आणि मी कपाळावर हात मारला. सुतारकाकांनी आठही पट्ट्या अगदी समान अंतरावर मारल्यात. म्हणाले, "मॅडम, तुमच्या कागदावर चुकलं होतं, मी सारखं करून दिलं." आता हे चालेल का?

प्रतिसाद ३ (पुन्हा)

शोषणाला चालेल, विखुरण्याला नाही. समान अंतर आलं की आवाज ठरावीक दिशांनाच जमून परत येतो. पट्ट्या खिळ्यांनी मारल्यात की स्क्रूने?

धागाकर्ती

स्क्रूने, देवाची कृपा.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

मग अर्ध्या तासाचं काम. उरलेल्या चार पॅनल्सच्या वेळी कागद देऊ नका, फ्रेमवरच पेन्सिलने घरं आखून फुल्या मारून द्या.